जावयाचा आणि वादळाचा सहसंबंध

फळ्यावर मी १.४ असा आकडा लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. एक रेघही पुरली असती, पण त्या दिवशी प्राचार्य वर्गाच्या दाराशी थांबून ऐकत होते आणि त्यांच्यासमोर मी सगळंच जरा जास्त करत असे.

"अभ्यासाचे तास आणि परीक्षेतले गुण," मी म्हणालो, "यांचा सहसंबंध किती घट्ट आहे ते पाहा."

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती नेहमी पहिल्याच बाकावर बसायची आणि मला त्याचा नेहमी त्रास व्हायचा. "सर, हा आकडा एकच्या वर जात नाही, असं मागच्या तासाला तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. दोन गोष्टी एकमेकींबरोबर कितपत वाढतात-घटतात हे मोजायचा तो आकडा. दोघी अगदी हातात हात घालून वाढत असतील तर एक. पहिली वाढली की दुसरी तितक्याच इमानदारीने घटत असेल तर उणे एक. एकमेकींशी काही देणंघेणंच नसेल तर शून्य. या दोन टोकांच्या बाहेर त्याला जागा नाही. १.४ म्हणजे शंभरपैकी एकशे चाळीस गुण मिळवल्यासारखं. मी गुणाकारात कुठंतरी हातचा विसरलो होतो.

"हा नमुना जरा विशेष आहे," मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो. "खान्देशात असं होतं."

प्राचार्य रसायनशास्त्राचे. त्यांनी मान डोलावली आणि ते पुढच्या वर्गाकडे गेले. मुलीने मात्र वहीत काहीतरी लिहून घेतलं. खान्देशात असं होतं, हेच लिहून घेतलं असणार, कारण पुढे परीक्षेत एका उत्तरपत्रिकेत मला ते वाक्य भेटलं आणि त्याला गुण द्यावेत की कापावेत, या पेचात मी चहा प्यायला उठलो.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. मी जळगावच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होतो, मेहरूणला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो आणि एम.फिल. करत होतो. 'करत होतो' हे क्रियापद इथे फार उदारपणे वापरलंय. विषय होता परीक्षेची धास्ती आणि गुण यांचा सहसंबंध. प्रश्नावली मी माझ्याच वर्गाकडून भरून घेतली. 'तुम्हाला परीक्षेची भीती वाटते का' या प्रश्नाचं उत्तर मुलांनी शेजाऱ्याच्या कागदात बघून लिहिलं. त्यामुळे एका बाकावरच्या दोघांची धास्ती तंतोतंत जुळत होती आणि मी त्याला मानवी मनाचं रहस्य समजत होतो.

माझे मार्गदर्शक धुळ्याला असत. पांझरेच्या काठाशी त्यांचं घर होतं. अधूनमधून एखाद्या रविवारी एसटीने जाऊन मी त्यांना माझे आकडे दाखवायचो. ते चष्मा कपाळावर चढवून कागद पाहायचे, मग चष्मा खाली ओढून मला पाहायचे. कागद पाहताना त्यांचा चेहरा जास्त बरा असायचा.

"धास्तीमुळे गुण कमी होतात, असं लिहिलंय तुम्ही," ते एकदा म्हणाले.

"आकडा तसाच येतोय, सर."

"आकडा एवढंच म्हणतो, की धास्ती जास्त तिथं गुण कमी. कमी गुण पडत आलेत म्हणून पोरगा धास्तावला असेल. किंवा घरी बाप मारकुटा असेल, म्हणून धास्तीही आहे आणि अभ्यासही होत नाही. तुम्ही कोणाच्या घरी गेला होतात?"

"नाही, सर."

"मग? हे बघा. इथल्या स्टँडवर दोन माणसं तुम्हाला रोज शेजारी शेजारी उभी दिसली, तर तुम्ही त्यांना मामा-भाचे ठरवाल?"

"नाही, सर."

"कोणी कोणाचं लागत नाही. त्यांची बस एक असते, एवढंच. आधी बस शोधा."

हे वाक्य मला इतकं आवडलं, की दुसऱ्याच दिवशी मी ते वर्गात माझं म्हणून सांगितलं. पुस्तकात या जागी बर्फाचे गोळे आणि समुद्रात बुडणारी माणसं असं उदाहरण होतं, पण जळगावात समुद्र नाही. म्हणून मी मडकी घेतली. मडक्यांची विक्री वाढते तेव्हा उष्माघाताचे रोगीही वाढतात. मग मडक्यामुळे उष्माघात होतो का? कुंभारांना अटक करायची का? वर्ग हसला. दोघांमागे ऊन आहे, ऊन हा तिसरा घटक, असं म्हणून मी खडू ठेवला. त्या विषयावर आता माझा हात धरणारा जळगाव जिल्ह्यात कोणी नाही, अशी माझी खात्री झाली. खात्रीचा आणि ज्ञानाचा सहसंबंध पुढे कोणी काढला की नाही, मला माहीत नाही.

ऊन म्हटलं की आमच्या कूलरबद्दल सांगायला हवं. पत्र्याचा पेटारा, आत पंखा, तीन बाजूंना ओल्या वाळ्याच्या ताट्या, असा तो जळगावी कूलर. मेकॅनिकला कशाला बोलवायचं, असं म्हणून मी तो स्वतः जोडला होता. पंखा फिरायचा, पाणी टपटपायचं, आवाज तर पिठाच्या गिरणीचा यायचा. फक्त वारं यायचं नाही. बायकोने एकदा खिडकीबाहेर हात धरून पाहिला आणि शांतपणे सांगितलं, की वारं येतंय, पण शेजाऱ्यांच्या अंगणात. पाती उलटी बसली होती. "हवा खेळती राहते," मी म्हणालो, आणि येत्या रविवारी नीट करतो असंही म्हणालो. ते आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारीण अंगणात पापड वाळत घालायची बंद झाली, कारण ते उडायचे.

तर माझी सासुरवाडी रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला. गावभर केळीच्या बागा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि शाळा-कॉलेजं उघडायच्या आधी जावई त्यांना न्यायला येतात. म्हणजे साधारण मे संपता संपता किंवा जून लागता लागता. जावयाने जायचं, पुरणाचे मांडे खायचे, ओट्यावर पाय सोडून बसायचं, विचारतील त्याला हो म्हणायचं आणि बायकोला घेऊन परत यायचं. ही कामं मला जमण्यासारखी होती.

पहिल्या वर्षी मी गेलो. सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, मला बागेत घेऊन गेले. घड चांगले भरलेले, खोडं भाराने किंचित कललेली. आबा कमी बोलणारे, म्हणून ती जागा मी भरून काढली. "वा, एक झाड हललेलं नाही," मी म्हणालो. संध्याकाळी पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली आणि घटकाभरात अर्धी बाग आडवी झाली. रात्री जेवताना सासूबाईंनी मला आणखी एक मांडा वाढला आणि तो वाढताना माझ्याकडे जरा लांबूनच पाहिलं.

दुसऱ्या वर्षी मी ठरवून बागेत गेलो नाही आणि कशाचीही स्तुती केली नाही. मांडे कसे झालेत विचारलं तर "आहेत" म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. या वेळी आणखी जास्त झाडं गेली.

त्या संध्याकाळी ओट्यावर आबा, आबांचे धाकटे भाऊ आणि मी बसलो होतो. या धाकट्या भावाला गाव नाना म्हणायचं. नाना घरातले विचारवंत. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असायचं, गोष्ट घडायचीच काय ती बाकी असायची.

"जवाईबापू," नाना म्हणाले, "राग नका मानू. तुमी शिकलेले मानसं. आमाले इतकंच दिसतं, का तुमी आले का वारं येतं."

"नाना, दोनच वर्षं झालीत."

"दोन्ही वर्सं आलं ना? एक सोडलं का त्यानं?"

माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. तो चुकीच्या वेळी जागा होतो. मी सांगितलं, की कागदावर दोनच टिंबं असली तर त्यांतून सरळ रेघ जाणारच, त्याला पुरावा म्हणत नाहीत. मी मडकी सांगितली, उष्माघात सांगितला, कुंभार सांगितले. वर्गात जिथे हसू यायचं तिथे मी थांबलो. कोणी हसलं नाही.

"मडक्याचं जाऊ द्या," नाना म्हणाले. "मडकं काही जवाई नसतं."

"अहो, पण वादळ साऱ्या शिवारात आलं. आपल्या एका बागेत नाही."

"साऱ्या शिवारात आलं हे खरं. पन आलं कोनासाठी?"

मी दुसऱ्या बाजूने गेलो. सहसंबंधाला दिशा नसते, म्हणालो. मी आल्यामुळे वादळ येतं असं म्हणता येतं, तसं वादळ यायचं असलं की मी येतो, असंही म्हणता येईल.

नाना माझ्यापासून जरा सरकून बसले. "मंग तं आनखीनच वाईट," ते म्हणाले.

आबांनी तेवढ्यात पानाचा डबा पुढे केला. ते माझ्या बाजूचे आहेत, की त्यांना फक्त विषय संपवायचाय, ते मला कधीच कळलं नाही.

तिसऱ्या वर्षी आखाजी आणि बायकोचं पहिलं बाळंतपण एकदमच आलं. बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं आणि दिवस भरायचे ते नेमके वादळाच्या त्या आठवड्यात. तिला न्यायला तिचा भाऊ जळगावला आला. निघताना ती दाराशी थांबली आणि मला म्हणाली, "मला तेव्हा तुम्ही तिथं हवेत. आत यायला मिळणार नाही, माहीत आहे. पण बाहेर असा. नानांचं काय ते नंतर बघू."

"असणारच," मी म्हणालो. "तो अशास्त्रीय विचार आहे."

"शास्त्राचं नाही विचारत मी. येणार ना?"

"येणार."

मे सरत आला तेव्हा मेहुणा पुन्हा जळगावला आला. पंपाचं काहीतरी सामान घ्यायचं होतं म्हणाला. चहा घेतला, बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"दाजी, उन्हं लई तापू ऱ्हायली यंदा."

"हो."

"तुमी कशाले तरास घेता येन्याचा? सगळं झालं का आमी निरोप धाडू. बाग यंदा चांगली हाये. मंजे, कापनी झाली का या की. तुमचंच घर हाये."

"नाना म्हणाले?"

"नाना म्हनाले तसं नाही," तो बशीकडे पाहत म्हणाला. "सगळेच म्हनाले, अन् मंग नाना म्हनाले."

इतक्या आदराने मला आजवर कोणी कुठून हाकललेलं नाही.

मी शिरपूरकडच्या आमच्या गावी आईला जाऊन सांगितलं. तिने भाकरी उलटता उलटता ऐकलं. "बठ्ठा येडा शेतस त्या," ती अहिराणीत म्हणाली, म्हणजे सगळे वेडे आहेत ते. "वारा काय तुना खिसामा ऱ्हास का?" मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "पन तू पयलेच बागनं कवतिक कसाले करं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शास्त्राच्या बाजूने या घरात मी एकटाच आहे. आणि खरं सांगायचं तर मीही पूर्ण नव्हतो.

कारण झालं असं. मनातल्या मनात मी नानांना रोज हरवत होतो. बस सापडलेली होती, माझी आणि वादळाची. मे अखेर हीच ती बस. वादळ त्याच दिवसांत येतं कारण हवा तशी असते, आणि मी त्याच दिवसांत जातो कारण सुट्टी आणि रिवाज तसा आहे. मी आणि वादळ एका स्टँडवर उभे असलेले दोन अनोळखी प्रवासी. धुळ्याचे सर खूश झाले असते. पण पिशवीत कपडे भरताना मी आभाळाकडे पाहत होतो आणि आभाळ निरभ्र होतं याचा मला अभिमान वाटत होता, जणू ते मीच स्वच्छ ठेवलं होतं. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला हे शोभत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. कळण्याचा आणि वळण्याचा सहसंबंध मात्र आमच्या घराण्यात पूर्वीपासून शून्याच्या आसपास आहे.

शेवटी मी एक शास्त्रीय तोडगा काढला. रावेरपर्यंत जायचं. तिथून गाव जवळच. काही झालं तर पटकन पोचता येईल. आणि गावात पाऊल न टाकल्यामुळे बागही सुरक्षित राहील. बायकोला दिलेला शब्द पाळला जाईल आणि नानांचा शब्दही मोडणार नाही. असे तोडगे ज्याला सुचतात त्याला व्यवहारात काय म्हणतात ते मला बायकोने नंतर सांगितलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रावेरच्या स्टँडवर सकाळी उतरलो. शेडखाली बाकावर दोन माणसं आधीपासून बसली होती. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच कपड्यांची पिशवी मांडीवर घेतलेली. गावाकडची गाडी लागली आणि गेली. मी उठलो नाही. तेही उठले नाहीत. पुढची गाडी लागली, गेली. आता न बोलणं जड झालं.

"कुठं, सासुरवाडीला?" मी विचारलं.

"हो," पहिला म्हणाला. तो भुसावळला रेल्वेत कारकून होता. "म्हणजे, इथपर्यंत."

ते 'इथपर्यंत' मला लगेच कळलं. दुसरा एरंडोलकडे मास्तर होता. बोलता बोलता निघालं, की दोघांच्याही सासुरवाड्या माझ्याच सासुरवाडीच्या गावात. आणि दोघांनाही उन्हाचा त्रास घेऊ नका, असा प्रेमाचा निरोप आलेला.

"मी आलो की वारं सुटतं म्हणे," कारकून जरा ओशाळून म्हणाला.

"तुम्ही आल्यावर?" मी म्हणालो. "अहो, ते माझ्यामुळे सुटतं."

मास्तरांनी आम्हा दोघांकडे करुणेने पाहिलं. "मागच्या साली तुम्ही गावात कधी पोचलात?"

"आदल्या दिवशी," मी म्हणालो.

"मी त्या दिवशी. दुपारी पोचलो आणि हातपाय धुवेस्तोवर सुरू झालं. सासरे म्हणाले, गुरुजी, पाणी तरी पिऊ द्यायचं होतं."

"तुमची किती झाडं गेली?" कारकुनाने मास्तरांना विचारलं.

"अर्ध्यावर."

"आमचं शेत सगळं झोपलं," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात जे होतं त्याला दुःख म्हणता आलं नसतं.

तेव्हा मला उमगलं, की त्या आठवड्यात गावात घरटी एक तरी जावई आलेला असतो, घरटी एक तरी बाग पडलेली असते आणि प्रत्येक घरात एक नाना असतो. गावभर पसरलेलं एक वादळ आणि त्याचे इतके मालक. माझ्या एम.फिल.च्या सगळ्या आकड्यांपेक्षा हा बाक मोठा पुरावा होता. यावर सुटका वाटायला हवी होती. मला थोडं वाईट वाटलं. दोन वर्षं मी ज्या वादळाचं ओझं एकट्याने वाहिलं, ते भुसावळच्या एका कारकुनालाही परवडत होतं.

आता थांबायचं काही कारण उरलं नाही, असं म्हणून मी पिशवी उचलली. पश्चिमेला आभाळाचा रंग जरा पिवळट झाला होता. मी पिशवी खाली ठेवली. दोघांनीही माझ्याकडे समजुतीने पाहिलं आणि कारकुनाने चहा मागवला.

चहा अर्धा झाला तोच स्टँडसमोरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आला. मेहुणा चालवत होता. मागे ट्रॉलीत गादी टाकलेली, गादीवर माझी बायको, तिच्याजवळ सासूबाई आणि ट्रॉलीच्या कडेला धरून, डोक्याला उपरणं गुंडाळून, नाना उभे. कळा अपेक्षेपेक्षा एक दिवस आधीच सुरू झाल्या होत्या आणि तिला रावेरच्या दवाखान्यात आणत होते.

मेहुण्याने मला पाहून ट्रॅक्टर थांबवला. "दाजी? तुमी इथी?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग पश्चिमेकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

बायकोने गादीवरून मान उचलली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. "चहा झाला असेल तर बसा मागं," ती म्हणाली.

मी ट्रॉलीत चढलो. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरलो आणि वारं आलं. दवाखान्याच्या पाटीचा पत्रा खडखडायला लागला, धूळ आली, समोरचं काही दिसेना. सासूबाई तिला धरून आत गेल्या आणि दार लागलं. बाहेर व्हरांड्यात मी, नाना आणि मेहुणा भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. लिंबाची एक फांदी अंगणात येऊन पडली. बागेचं काय झालं असेल, याचा विचार ते दोघंही करत होते, पण नाना तो विचार माझ्याकडे बघून करत होते.

मी मात्र त्या वेळी दारापलीकडचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो. वाऱ्यामुळे काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या वाऱ्याचा मला खरा राग आला. माझ्या नावावर असो की नसो, त्याने थोडं थांबायला हरकत नव्हती.

वारं पडलं, पावसाचे चार मोठे थेंब आले आणि दिवेलागणीला आतून रडण्याचा आवाज आला. नर्सने येऊन सांगितलं, मुलगी आहे, दोघी चांगल्या आहेत. मी भिंतीलाच टेकून खाली बसलो. मेहुणा पेढे आणायला पळाला. रावेरातली दुकानं वादळात बंद झाली होती, म्हणून त्याने केळी आणली.

सकाळी आबा गावाहून आले. बाग अर्धी पडली होती, अर्धी उभी होती. आबांनी एवढंच सांगितलं आणि ते नातीला बघायला आत गेले. नानांनी मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं.

"जवाईबापू, म्या रातभर इचार केला. तुमी घरी आले तवा बाग सगळी गेली व्हती. यंदा रावेरातच थांबले, तं अर्धीच गेली. जितके लांब तितकी बाग जास्त वाचते. तुमी जळगावातच ऱ्हायले असते, तं सगळी वाचली असती."

हा युक्तिवाद इतका शिस्तीत होता, की माझ्या एम.फिल.मध्ये घालावासा वाटला. पहिल्या वर्षी सगळी नव्हे, अर्धी गेली होती, हे मी सांगितलं नाही. पुराव्यातली गैरसोयीची टिंबं सोडून देण्याची पद्धत मीही वापरत होतोच. स्टँडवरचे दोन जावई मात्र सांगितले. तेही रावेरातच थांबले होते, म्हणालो, त्यांचं काय?

"ते तिघं मिळून झालं मंग," नाना म्हणाले. "म्हनूनच अर्धी गेली, एकट्यानं झालं नसतं."

तेवढ्यात सासूबाईंनी पोर आणून नानांच्या मांडीवर ठेवली. नानांनी उपरण्याने तिच्या तोंडावरची माशी उडवली. मग त्यांनी मान वर केली. "पन एक हाये," ते म्हणाले. "तुमी रावेरात आले अन् लक्ष्मी आली. हे बी नोंद करा तुमच्या पुस्तकात."

म्हणजे आता वाऱ्याबरोबर तीही माझ्या खात्यात. बायको आत कळा सोसत होती, याचा या हिशेबाशी काही संबंध निघाला नाही. मी हो म्हणालो. जावयाने विचारतील त्याला हो म्हणायचं असतं, आणि या वेळी नाही म्हणायची माझीही इच्छा नव्हती. त्यानंतर दर वर्षी मला आग्रहाचं बोलावणं यायला लागलं, ते मे अखेरीसच, आणि बागा पडायच्या तेव्हा पडतच राहिल्या.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी आत जाऊन तिच्या कॉटजवळ बसलो. वीज गेलेली, खोली तापलेली, पोर झोपलेली. मी हातपंखा घेतला आणि वारा घालता घालता तिला सगळं सांगितलं. स्टँडवरचे दोघं जावई, एकाच बसची गोष्ट, नानांचा नवा सिद्धांत. जरा रंगवूनच सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, की बघ, शास्त्र एकीकडे, पण तीन वर्षं लागोपाठ, म्हणजे माणसाला मनातून वाटतंच ना, की काय सांगावं, असेलही काही आपल्यात.

ती डोळे मिटून ऐकत होती.

"काही नाही तुमच्यात," ती म्हणाली. "दोन उन्हाळे झाले, घरातल्या कूलरचं वारं आत आणता आलं नाही तुम्हाला. तुम्ही वादळ कुठून आणणार? आणि तो पंखा हलवा जरा, कधीचा नुसता धरून बसलाय."